पारेहाचं कपाळ

नागपूरच्या घरात जवस म्हटलं की आधी चटणी आठवते. भाजलेलं जवस, लाल तिखट, लसूण आणि मीठ असं खलबत्त्यात कुटायचं आणि वर कच्चं तेल घालून भाकरीशी खायचं. आजीच्या बोटांना त्या चटणीचा वास कायम असे. वयाच्या विसाव्या वर्षी महाल भागातल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर मला तो वास पुन्हा भेटला, तेव्हा त्यात टर्पेंटाइनची झणझण मिसळलेली होती. सरांनी कपाटातून लहानशी बाटली काढली, एक थेंब बोटावर घेतला आणि म्हणाले, ''हे जवसाचंच तेल हाय. तुमच्या घरी याची चटणी होते, इथं माणूस होतो.''

सर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते. त्यांचा एकच नियम होता, जिवंत माणसाला समोर बसवायच्या आधी एका अभिजात व्यक्तिचित्राची तीनदा प्रतिकृती करायची. चित्र निवडायची मुभा मला नव्हती. सीताबर्डीवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून कधीतरी घेतलेल्या एका पुस्तकातलं पान त्यांनी पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवलं होतं. त्यावर सावळ्या वर्णाचा, दाट काळ्या केसांचा, दाढीमिशा राखलेला एक माणूस होता. गळ्याशी रुंद पांढरी लेसची कॉलर, अंगात हिरवट करडा पोशाख, खांद्यावर झगा, एक हात पोटासमोरून आडवा आलेला. मान वळवून तो थेट माझ्याकडे पाहत होता. दिएगो वेलास्केझने 1650 साली रोममध्ये रंगवलेलं हे हुआन दे पारेहाचं व्यक्तिचित्र.

मी विचारलं, रेम्ब्रांट का नको? सर म्हणाले, आपल्याकडे पोरं गोरी कातडी शिकतात आणि मग गावच्या माणसाला रंगवायला बसली की काळ्या रंगाची ट्यूब पिळतात. सावळी कातडी ज्याने सर्वांत खरी रंगवली, त्याच्यापासून सुरुवात कर. आज पाऊणशे चित्रांनंतर मला त्यांची निवड किती अचूक होती ते कळतं. तैलरंगात सावळा चेहरा म्हणजे काय, हे शिकवणारं याहून मोठं चित्र माझ्या माहितीत नाही.

चित्राची हकीगत थोडक्यात सांगायला हवी. स्पेनचा राजा चौथा फिलिप याच्यासाठी चित्रं आणि शिल्पं मिळवायला वेलास्केझ 1649 मध्ये इटलीत गेला. पोप दहावा इनोसंट याचं चित्र काढायची संधी पुढे होती आणि हात तयार करायचा होता. समोर बसवला तो सोबत आलेला मदतनीस पारेहा. पारेहा अंदलुसियातल्या आंतेकेरा गावचा होता आणि वेलास्केझचा गुलाम होता. 1724 साली छापलेल्या ग्रंथात आंतोनिओ पालोमिनो सांगतो की हे चित्र काही परिचितांकडे पाठवलं तेव्हा ते घेऊन खुद्द पारेहाच गेला, आणि पाहणारे चित्राकडे बघून त्याच्याकडे बघू लागले, बोलायचं कुणाशी हे त्यांना उमगेना. 1650 च्या मार्चमध्ये ते रोमच्या पँथिऑनमध्ये इतर चित्रांसोबत मांडलं गेलं. बाकीची सगळी चित्रं वाटली आणि हे एक सत्य वाटलं, असा तिथल्या चित्रकारांचा अभिप्रायही पालोमिनोनेच नोंदवला आहे. चित्र सुमारे 81 सेंटिमीटर उंच आणि 70 सेंटिमीटर रुंद आहे. हे खऱ्या माणसाचंच माप, आरशात दिसावं तेवढं.

आता कपाळाकडे येतो. मी तिथंच तीन महिने होतो.

पहिल्या प्रतिकृतीत मी जे केलं ते सगळेच शिकाऊ करतात. बर्न्ट सिएनात पांढरा मिसळून एक 'कातडीचा रंग' तयार केला, उजेडाकडे त्यात पांढरा वाढवत नेला आणि सावलीकडे काळा. संध्याकाळपर्यंत एक मातीचं गाडगं तयार झालं, मडक्याला नाकडोळे लावावेत तसं. सर मागे येऊन उभे राहिले. ''कपाळ पाय त्याचं. किती हिरवं हाय ते.''

मला हिरवं दिसत नव्हतं. दिसायला आठवडा लागला. पानावर एक पांढरा कागद ठेवून त्याला सुपारीएवढं भोक पाडायचं आणि त्यातून चेहऱ्याचा एकच ठिपका बघायचा, ही सरांची युक्ती. भोवतालचा चेहरा झाकला गेला की डोळ्याला कपाळ आहे हे माहीत राहत नाही, उरतो फक्त रंग. उजेड आणि सावली यांच्या मधला तो पट्टा, ज्याला आम्ही हाफ टोन म्हणतो, तिथं तपकिरी संपून एक थंड, शेवाळी करडा सुरू होत होता. सावळ्या कातडीचं हे गुपित आहे. गोऱ्या कातडीतून रक्ताची लाली आतून वर येते. सावळ्या कातडीवर आकाश उतरतं. कपाळ, गालाचं हाड आणि नाकाचा शेंडा या तेलकट उंचवट्यांवर पडलेला प्रकाश थंड असतो, त्याच्या बाजूला ऊब असते आणि मधे हा करडा दोघांना सांधतो. तो करडा पांढऱ्या-काळ्याचा आहे हे कळलं तेव्हा मी चकित झालो. आयव्हरी ब्लॅकमध्ये पांढरा मिसळला की तपकिरीच्या शेजारी तो निळसर दिसतो. त्यात चिमूटभर यलो ओकर घातला की हिरवट झाक येते. काळा वापरू नकोस असं सरांनी कधी म्हटलं नाही. काळ्याने अंधार करू नकोस, काळ्याने थंडावा कर, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

वेलास्केझची रंगपेटी मोठी नव्हती. शिशाचा सफेदा, गेरू आणि पिवळ्या मातीच्या जाती, हिंगुळ, लाखेसारखा पारदर्शक लाल, अझुराइटचा निळा, अंबर, काळा, एवढ्यावर त्याचं बहुतेक भागतं. पुढे त्याच्या चित्रांची प्रयोगशाळेत तपासणी झाली तेव्हा रंगांत कॅल्साइटची पूडही सापडली. तिने रंग पातळ आणि झिरझिरीत होतो, अंग मात्र धरून ठेवतो. आमच्याकडे रांगोळीच्या दगडाची पूड असते, तिच्याच नात्यातली ही वस्तू. सरांनी एकदा खरोखरच रांगोळी वस्त्रगाळ करून रंगात घोटून पाहिली होती. पारेहाच्या झग्यातला तो धुरकट हिरवा मला त्या दिवशी पहिल्यांदा जमला.

कपाळावरचा सर्वांत उजळ भाग हा चार-पाच फटकाऱ्यांचा आहे. ते घासून एकजीव केलेले नाहीत. जवळून पाहिले तर ते कपाळाला धरून नाहीतच, वरून ठेवल्यासारखे आहेत, आणि चार पावलं मागे सरलं की तिथं हाड येतं. नक्कल करणाऱ्याची परीक्षा इथं होते. फटकारा जिथं आहे तिथंच, त्याच दिशेने आणि तेवढ्याच रंगाने एकदाच द्यायचा. मी दिला, मग जरा दुरुस्त केला, मग कडेला बोटाने पुसला, आणि कपाळ पुन्हा मडकं झालं. असं तेरा वेळा झालं असेल. सर म्हणायचे, त्याने तो फटकारा मारण्याआधी जेवढा वेळ पाहिलं, तेवढा वेळ तू मारल्यावर दुरुस्त करतोस. चित्र हाताच्या घाईने बिघडतं, डोळ्याच्या उशिराने कधीच नाही, हे मला त्या कपाळाने शिकवलं. पुढे माणसं समोर बसवली तेव्हा मी पहिली पंधरा मिनिटं ब्रश उचलत नसे. बसणारी माणसं अस्वस्थ होत.

नागपूरचं हवामान या सगळ्यात तिसरा माणूस होता. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाशी गेला की टर्पेंटाइन कॅनव्हासवर पोचेपर्यंत उडून जाई आणि ब्रश खरखरे. कूलरच्या खसाच्या ताट्यांचा ओला वारा थेट चित्रावर येऊ नये म्हणून सर मधे चटई टांगत. जुलै-ऑगस्टात उलटंच, खालचा थर आठ-आठ दिवस चिकट राही. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून सुकत नाही. ते हवेतला प्राणवायू घेतं आणि हळूहळू कातडी धरतं, दुधावर साय यावी तसं, म्हणून खालचा थर कमी तेलाचा आणि वरचा जास्त तेलाचा हा नियम. मी तो एकदा मोडला. आयव्हरी ब्लॅक मुळात मठ्ठ, सावकाश वाळणारा. त्याच्यावर झटकन वाळणारा अंबर चढवला, आणि दिवाळीपर्यंत पारेहाच्या झग्यावर उन्हाळ्यातल्या तळ्याच्या तळासारख्या भेगा पडल्या. ''रंगाले वाळू दे. एवढी घाई काहून करून राहिला?'' तेलाच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकल्या की सर फार रागवत. जवसाच्या तेलात भिजलेला बोळा वाळताना आतल्या आत तापतो आणि आपणहून पेटू शकतो. वैशाखात तर हा धोका खराच. चिंध्या दोरीवर उलगडून वाळत घालायच्या किंवा पाण्याच्या बादलीत बुडवायच्या. वाड्याच्या गच्चीवर कपड्यांच्या शेजारी आमच्या रंगीत चिंध्या वाळत असत.

इथं जवसाविषयी थोडं आणखी लिहिल्यावाचून राहवत नाही. मुंबईहून रेल्वे 1867 साली नागपूरला पोचली. एकोणिसाव्या शतकात मध्य प्रांतातून कापसासोबत जवसही मुंबई बंदराकडे आणि तिथून युरोपकडे जात असे. वेलास्केझच्या वाटीत आमच्या काळ्या मातीचं तेल नव्हतं, तो काळ फार आधीचा. पण त्याच्यानंतरच्या कितीतरी युरोपी चित्रांच्या थरांत विदर्भातल्या शेतकऱ्याची रब्बी असेल, हा विचार मला आवडतो. तैलरंग हे परक्यांचं माध्यम आणि आपण ते उसनं घेतलं, असं कुणी म्हणालं की मला आजीची चटणी आठवते.

पांढऱ्या कॉलरने मला दुसरा धडा दिला. हिच्यात वेलास्केझने लेसची एकही वीण काढलेली नाही. जाड पांढऱ्याचे ठिपके आणि ओरखडे आहेत, मधे खालचा करडा उघडा सोडला आहे. दुरून बघावं तर फ्लँडर्सची महागडी लेस. मात्र तिचं खरं काम चेहऱ्यासाठी आहे. या चित्रातला सगळा पांढरा तिने घेतला आहे, त्यामुळे डोळ्यांतल्या पांढऱ्याला करडं राहणं भाग पडतं. मी पहिल्या प्रतिकृतीत डोळ्यांत पांढरा भरला आणि माणूस दचकल्यासारखा दिसू लागला. सरांनी माझ्या हातातला ब्रश घेतला, डोळ्यांवर नुसता खोबणीच्या सावलीचा पातळ थर ओढला आणि तो माणूस शांत झाला. केसांची कडही अशीच. मी ती कोरली होती, पेन्सिलीने आखल्यासारखी. मूळ चित्रात केस कुठं संपतात आणि मागची भिंत कुठं सुरू होते ते सांगता येत नाही. कड एके ठिकाणी धारदार ठेवायची तर दुसरीकडे हरवावी लागते. पारेहाच्या चेहऱ्याची उजेडाची बाजू ठाम आहे, कारण अंधाराच्या बाजूने तो हवेत विरलेला आहे. पोटासमोरचा हात तर जवळजवळ कच्चाच सोडला आहे. मी तो नीट बोटांसह पूर्ण केला तेव्हा लोक चेहऱ्याऐवजी हाताकडे बघू लागले.

नकलेला आपल्याकडे हलकं मानतात. शाळेत नक्कल म्हणजे शिक्षा. पण महाराष्ट्रातल्या तैलचित्रणाचा मोठा पाया एका प्रचंड नकलेने घातला. 1872 पासून 1885 पर्यंत मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती कॅनव्हासवर तैलरंगांत करत होते. लेण्यांतल्या अंधारात, धुरकटलेल्या गिलाव्यासमोर बसून. लंडनला पाठवलेल्या त्या कॅनव्हासांपैकी शंभराहून अधिक 1885 च्या आगीत गेले. जे हात अजिंठ्यात घडले ते मात्र इथंच राहिले. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. पुढे त्यांनी रंगवलेल्या पारशी स्त्रीपुरुषांच्या चेहऱ्यांत जी सावळी, मंद ऊब आहे, ती मला अजिंठ्याच्या अंधारात शिकलेली वाटते. हे माझं मत आहे, आग्रह नाही. रविवर्म्याची गोष्ट तर सर्वश्रुतच. तैलरंग शिकवायला कुणी तयार नव्हतं तेव्हा त्रावणकोर दरबारात आलेल्या थिओडोर जेन्सनला काम करताना बघून बघून तो शिकला. आमच्या नागपुरात सय्यद हैदर रझांनी मुंबईला जाण्याआधी नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये बापूराव आठवल्यांच्या हाताखाली सुरुवात केली, ती जे दिसतं ते जसंच्या तसं उतरवण्यापासूनच. त्यांच्या चित्रांतला बिंदू फार नंतर आला. खुद्द वेलास्केझ पहिल्या इटली प्रवासात, 1630 च्या सुमारास, व्हॅटिकनमध्ये बसून मायकेलअँजेलो आणि राफाएल यांच्या चित्रांवरून रेखाटनं करत होता, तेव्हा तो राजाचा चित्रकार होऊन सहासात वर्षं झाली होती.

आणि पारेहा. पालोमिनो लिहितो की पारेहाचं काम रंग घोटायचं आणि कॅनव्हास तयार करायचं होतं, आणि तो बघून बघून चोरून चित्रकला शिकला. म्हणजे मी ज्या माणसाच्या चेहऱ्याची नक्कल करत होतो, तो माणूसही नक्कल करूनच शिकलेला. आणि त्याचं कपाळ ज्या रंगाने रंगलं तो रंगही बहुधा त्यानेच घोटला असेल. हे मला दुसऱ्या प्रतिकृतीच्या वेळी सुचलं आणि काही दिवस माझ्याने काम झालं नाही.

कारण या चित्राची दुसरी बाजू तिथं उभी आहे. पाहणाऱ्याला पारेहा गुलाम वाटतच नाही. राफाएल आणि तिशियन यांनी सरदारांना दिली तशीच बैठक, तसाच वळलेला देह, तसाच थांबलेला हात वेलास्केझने त्याला दिला. स्पेनमध्ये अशा लेसवर कायद्याचे निर्बंध होते, तरी त्याच्या गळ्यात ती आहे. बाहीला कोपराशी एक पांढुरका ठिपका आहे, फाटल्या कापडाचा असावा तसा, आणि त्यानेही त्याचा ताठा कमी होत नाही. पण चित्र काढणारा त्याचा मालक होता. मार्चमध्ये रोमने टाळ्या वाजवल्या आणि मुक्तीच्या कागदावर सही झाली ती 23 नोव्हेंबरला. तीही आणखी चार वर्षं चाकरी करायच्या अटीवर. ज्याने माणूस एवढा पूर्ण पाहिला, त्याला तोच माणूस मुक्त करायला आठ महिने आणि वर चार वर्षं का लागली? मी या चित्रावर जीव टाकतो, आणि हा प्रश्न मला त्यातून पुसता येत नाही. पुसूही नये.

नागपुरात राहणाऱ्याला ही लेस वेगळी दिसते. इथं 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेब आंबेडकरांसोबत बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला लाखो माणसं पांढऱ्या कपड्यांत आली. कुणी काय नेसावं, पागोटं कसं बांधावं, नवं लुगडं नेसावं की नाही हे दुसऱ्यांनी ठरवायचे दिवस त्यांतल्या अनेकांनी भोगले होते. उत्तर नागपुरातल्या घराघरांत बाबासाहेबांचं चित्र आहे, आणि त्यात कोट, टाय आणि खिशाचं पेन असतंच. पाट्या रंगवणाऱ्या कितीतरी पेंटरांनी ते तैलरंगांत काढलं आहे. सरांनीही काढलं होतं. कोटाच्या निळ्यावर ते जेवढा वेळ घेत तेवढा चेहऱ्यावरही घेत नसत. मी कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, ''कोट चुकला तर चेहरा खोटा पडते.'' पारेहाच्या कॉलरसमोर बसलो की मला हे वाक्य ऐकू येतं.

तिसरी प्रतिकृती पूर्ण झाली तेव्हा सरांनी ती उलटी टांगली, खाली डोकं वर धड, आणि बराच वेळ बघून फक्त मान हलवली. पुढे ते गेले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 2017 मध्ये आपल्याकडच्या अनेक चित्रांची छायाचित्रं सर्वांना मोकळी केली आणि मी पहिल्यांदा पारेहाला संगणकाच्या पडद्यावर मोठा करून पाहिला. आमचं पान किती लाल होतं! मागची भिंत पावसाळी आभाळासारखी करडी-हिरवी आहे आणि मी ती विटेची केली होती. आणखी एक गोष्ट. 27 नोव्हेंबर 1970 ला हे चित्र लंडनच्या लिलावात 23 लाख 10 हजार पौंडांना विकलं गेलं. लिलावात दहा लाख पौंडांचा आकडा ओलांडणारं ते पहिलंच चित्र. नंतर ते स्वच्छ करताना कॅनव्हासचा वरचा आणि एका बाजूचा भाग मागे दुमडलेला असल्याचं दिसलं. आमचं पुस्तक त्याआधीचं. म्हणजे मी तिन्ही वेळा दुमडलेल्या पारेहाची नक्कल केली होती. त्याच्या डोक्यावरची दोन बोटं हवा मला मिळालीच नव्हती. ती हवा आता दिसते तेव्हा तो आणखी सहज उभा वाटतो, छत वर गेल्यासारखा.

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात पारेहाने स्वतः रंगवलेलं एक मोठं चित्र आहे, 'संत मॅथ्यूला आलेली हाक', सव्वादोन मीटर उंच आणि सव्वातीन मीटर रुंद. डाव्या टोकाला त्याने स्वतःला उभं केलं आहे. तो पुन्हा आपल्याकडेच बघतो. हातात कागद आहे, त्यावर त्याचं नाव आणि 1661 साल. वेलास्केझने पाहिला त्याहून हा चेहरा उजळ आहे, नाकडोळे जरा निराळे. त्याने स्वतःला असं का रंगवलं असेल, हे मला बाहेरून विचार करून कळणार नाही. गेल्या आठवड्यात मी नवा कॅनव्हास ताणला आहे आणि त्याला अंबरचा पातळ हात दिला आहे. हवा अजून दमट आहे, तो वाळायला कोजागिरी उजाडेल. त्या चेहऱ्याच्या कपाळावर करडा आहे का ते आधी बघायचं.